संच मिळतो, बाकीचे काय? : इलेक्ट्रॉनिक उपकरण उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील लहान-मध्यम इलेक्ट्रॉनिक उपकरण उत्पादक,
भोसरी, सातपूर, वाळूज, रबाळे आणि इतरत्र.

विषय : हौशी रेडिओ केंद्रासाठी परवडणाऱ्या नव्या उपकरणांची मागणी.

हौशी रेडिओ केंद्र चार गोष्टींवर उभे राहते : संच, संचाला लागणारी वीज, अँटेना आणि संचापासून अँटेनापर्यंत जाणारी केबल. बाजारात बोलबाला फक्त पहिल्या गोष्टीचा असतो. जाहिरात संचाची होते आणि किंमतही संचाचीच विचारली जाते. नवा परवानाधारक अडतो तो मात्र उरलेल्या तीन ठिकाणी. संच आणला, पण घरातल्या वीजपुरवठ्याची खरखर इतकी की समोरच्याचा आवाज ऐकू येत नाही. अँटेना बांधायची तर गच्चीवर काठी कशाची उभी करावी हे कळत नाही. केबल टाकली तर निम्मी शक्ती वाटेतच जिरते. या अडचणींची उत्तरे फार अवघड नाहीत. पत्रे कापणारे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, बॅटरी पॅक जोडणारे आणि प्लास्टिकचे डबे ओतणारे कारखाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत. हौशी रेडिओवाल्यांची ही इच्छायादी त्यांच्यासाठीच आहे.

ग्राहक कोण, हे आधी पाहावे लागते. भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा घेऊन देते. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ५० वॅट आणि जनरल श्रेणीला ४०० वॅट, अशी शक्तीची मर्यादा राहत आली आहे. परवानाधारकाची खूण म्हणजे कॉल साइन. भारतातल्या कॉल साइन बहुधा व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होतात. या मंडळींत कॉलेजची मुले असतात, निवृत्त तंत्रज्ञ असतात, शेतकरी आणि डॉक्टरही असतात. बहुतेकांचे बजेट एका बऱ्या मोबाइलएवढे. त्यामुळे यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू ५० वॅटच्या आतल्या केंद्रासाठी आहे. परवानाधारकाला स्वतःचा संच स्वतः बांधण्याची मुभा आहे, आणि या छंदाचा निम्मा आनंद त्यातच आहे. म्हणून तयार वस्तूइतकीच सुट्या भागांच्या संचालाही, म्हणजे किटला, मागणी असते.

संचाच्या बाबतीत भारताची स्थिती वाटते तितकी वाईट नाही. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स नावाचा एका बँडचा संच आखला आणि त्याची सगळी रचना खुली ठेवली. भाग असे निवडले, की ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हिंडून गोळा करता यावेत. २०१६ मध्ये ७ मेगाहर्ट्झवर चालणारा बिटएक्स-४० तयार जोडलेल्या बोर्डाच्या रूपात मिळू लागला. २०१७ च्या अखेरीस मायक्रोबिटएक्स आला : ३ ते ३० मेगाहर्ट्झ, खालच्या बँडवर सुमारे १० वॅट, किंमत १०९ डॉलर. जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींनी तो घेतला, उघडला, त्यात फेरफार केले. पहिल्या आवृत्तीत नको त्या फ्रिक्वेन्सीवरही थोडे उत्सर्जन होते, हे त्यांनीच मोजून दाखवले, आणि पुढच्या आवृत्त्यांत फिल्टरची मांडणी बदलली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा एसबिटएक्स ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. स्वस्त संच भारतात बनू शकत नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

पण बोर्ड तयार होणे आणि गावाकडच्या शिक्षकाने विकत घेऊन दुसऱ्या दिवशी वापरावा असा संच तयार होणे, यांत अंतर आहे. यामाहा किंवा बजाजची गाडी घेताना कोणी इंजिन उघडून बसत नाही. तयार संचाकडून अपेक्षा साध्या आहेत. ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ हे चार बँड आणि १० ते २० वॅट शक्ती पुरेशी. अँटेनाचा मेळ नीट नसला तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याआधी शक्ती आपोआप कमी व्हावी. डबा धातूचा असावा, पडदा उन्हात वाचता यावा आणि दुरुस्ती देशातच व्हावी. ग्राही, म्हणजे रिसीव्हर, मात्र साधा चालणार नाही. ७.१ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा २९ मार्च २००९ पासून हौशी सेवेसाठी मोकळा झाला खरा, पण त्याच्या अगदी शेजारी, ७.२ च्या वर, आंतरराष्ट्रीय प्रसारण केंद्रांचा ४१ मीटर बँड सुरू होतो. तिथली केंद्रे शेकडो किलोवॅटची असतात. संध्याकाळी त्यांच्या माऱ्यात स्वस्त रिसीव्हर बधिर होतो. बँडवर कोणी नाही असे वाटते, पण माणसे बोलत असतात. त्यामुळे चार पैसे कुठे घालायचेच असतील तर ते रंगीत पडद्यात न घालता रिसीव्हरच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये घालावेत.

किमतीची अपेक्षा १५ ते २० हजार रुपये. सुमारे २००० सालापासून पाठीवर नेण्याजोगा संच म्हटला की जगभर येसूच्या एफटी-८१७ चे नाव निघे. त्याचा वारस एफटी-८१८, सहा वॅटचा, २०२२ च्या अखेरीस उत्पादनातून गेला. त्याहून वर आयकॉमचा आयसी-७३०० आहे. १०० वॅटचा आणि गुणी, पण विदेशातच हजार डॉलरच्या घरातला. परदेशी संच आणायचा म्हणजे डब्ल्यूपीसीची आयात परवानगी, सीमाशुल्क आणि त्यावर जीएसटी. मधली जागा रिकामी आहे.

हातातल्या संचाची, म्हणजे हँडीची, गोष्ट उलटी आहे. तिथे स्वस्ताईच जास्त झाली. दोन-अडीच हजारांत मिळणारा चिनी बाओफेंग यूव्ही-५आर जगभर पसरला. त्याचा रिसीव्हर एकाच चिपवर आहे आणि शहरात मोबाइलच्या टॉवरजवळ नेला की गोंधळतो. अमेरिकेतल्या एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेच्या प्रयोगशाळेत अशा अनेक हँडींचे हार्मोनिक उत्सर्जन मर्यादेबाहेर आढळले. हार्मोनिक म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा नको असलेला सिग्नल. १४५ मेगाहर्ट्झवर बोलताना २९० आणि ४३५ वरही तो सांडतो, आणि तिथे दुसऱ्या कोणाचे तरी काम चाललेले असते. शिवाय हे संच पोलिसांच्या आणि इतर सेवांच्या फ्रिक्वेन्सीवरही लागतात, परवाना नसलेल्यांच्या हाती सर्रास जातात. वॉकीटॉकीच्या अशा ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. यातून भारतीय उत्पादकाला वाट दिसते : १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ याच दोन पट्ट्यांत प्रसारण करणारी, मंजुरी घेतलेली, आत खरेखुरे फिल्टर बसवलेली आणि परवाना पाहूनच विकलेली हँडी. ती पाच हजारांना मिळाली तरी घेणारे घेतील. दोन हजारांच्या स्पर्धेत उतरण्यात अर्थ नाही.

आता विजेकडे. हौशी संच १३.८ व्होल्टवर चालतात, कारण ते मुळात गाडीच्या बॅटरीला धरून आखलेले असतात. १०० वॅटचा संच बोलताना वीस-एकवीस अँपियर ओढतो, २० वॅटचा पाच-सात. बाजारात या कामाला सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांसाठी बनणारे जाळीच्या डब्यातले एसएमपीएस मिळतात. स्वस्त असतात, व्होल्टेजही थोडे वर चढवता येते. अडचण आवाजाची. एसएमपीएस आतमध्ये सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याचे पडसाद दर पन्नास-शंभर किलोहर्ट्झवर उमटत थेट ३० मेगाहर्ट्झपर्यंत जातात. ते थोपवण्यासाठी आतल्या वाटेवर एक कॉमन मोड चोक आणि काही कपॅसिटर लागतात. डबा उघडून पाहिला तर बोर्डावर त्या भागांच्या जागा छापलेल्या असतात, पण भाग बसवलेले नसतात. चोकच्या जागी तारेचा एक तुकडा डाख देऊन लावलेला असतो. वाचवलेले पैसे पन्नास रुपयेसुद्धा नसतील. गिऱ्हाईक मात्र आख्ख्या शेजाराचा रेडिओ बिघडवते.

म्हणून वीजपुरवठ्याची मागणी यादीत सगळ्यांत वर आहे : १३.८ व्होल्ट, २५ अँपियर, आत आणि बाहेर दोन्ही बाजूंना पूर्ण फिल्टर, पंखा गरज पडेल तेव्हाच फिरणारा, आणि व्होल्टेज चुकून वर गेले तर संचाला वाचवणारे संरक्षण. जपानच्या अलिन्कोने आपल्या डीएम-३३० मालिकेत एक छोटी सोय दिली होती. नेमक्या ऐकण्याच्या जागी पडसाद आला तर एक बटण फिरवून स्विचिंगची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायची, की पडसाद बाजूला. खर्च एका पोटेन्शिओमीटरचा. भारतीय वीजपुरवठ्यात ही सोय दिसली तर चार हजारांची किंमत पाच हजार झाली तरी कुरकुर होणार नाही.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. हौशी रेडिओची उपयुक्तता सर्वांत जास्त तेव्हाच असते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवायला गेलेला भारतीय चमू तिथेच होता, आणि बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्याचे मोठे काम त्यांच्या संचांनी केले. अशा कामाला आजवर शिशाच्या जड बॅटऱ्या वापरल्या गेल्या. आता ई-रिक्षांमुळे लिथियम फेरो फॉस्फेटचे पॅक देशात बनू लागले आहेत. ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, हौशी संचाला नेमके मानवणारे. २० अँपियर-तासांचा पॅक २० वॅटच्या केंद्राला, बोलणे कमी आणि ऐकणे जास्त असा नेहमीचा वापर धरला, तर दहा-बारा तास सहज पुरतो. पॅक बनवणाऱ्यांकडून मागणी एवढीच : बॅटरीचे रक्षण करणारा बीएमएस आवाज न करणारा असावा, टोकाला मोकळ्या तारांऐवजी पकड घट्ट बसणारे जोड असावेत आणि सौर चार्जरही गोंगाट न करणारा मिळावा. बाजारातले बहुतेक एमपीपीटी चार्जर याच एका कारणासाठी हॅमला बाद करावे लागतात.

अँटेना हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि सर्वांत कमी माल याच विभागात मिळतो. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची मीटरमधली लांबी काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचे, ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे २० मीटर येते, १४.२ ला १० मीटर. वाड्यावस्तीवर, शेतात ही तार दोन झाडांना बांधून मोकळे होता येते. शहरातल्या गच्चीवर मध्यभागी केबल लोंबणारा डायपोल बसत नाही. तिथे एका टोकाकडून ऊर्जा देता येणारी तार सोयीची. तिच्या टोकाशी रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि केबलचा ५० ओहम. दोन्हींचा मेळ घालण्यासाठी फेराइटच्या कड्यावर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चौदा वेढे घेतात. वेढ्यांचे गुणोत्तर सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, म्हणून याला एकोणपन्नासास-एकचा ट्रान्सफॉर्मर म्हणतात. एकच २० मीटरची तार मग ७, १४, २१ आणि २८ अशा चारही बँडवर चालते. फेराइट योग्य प्रतीचे हवे, नाहीतर ते गरम होते आणि शक्ती तिथेच जाते. या ट्रान्सफॉर्मरला लागणारे कौशल्य वाइंडिंगच्या कोणत्याही कारखान्यात आहे. न मिळणारी गोष्ट म्हणजे डबा. कोकणात चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. आठ-दहा महिन्यांत जोड हिरवे पडतात आणि पाणी केबलच्या आत उतरते. स्टेनलेसचे स्क्रू, रबरी गॅस्केट, तळाला पाणी निथळायचे भोक आणि उन्हाने न तडकणारे प्लास्टिक असलेला ट्रान्सफॉर्मरचा डबा बाराशे-पंधराशेला मिळाला, तर अर्ध्या महाराष्ट्राची अँटेनाची अडचण सुटेल.

तारेला वर धरायला काठी हवी. आज बांबू चालतो, किंवा लोखंडी पाइप. बांबू दोन पावसाळ्यांत जातो. लोखंडी पाइप जड आणि विजेच्या तारांच्या जवळपास धोक्याचा. फायबरग्लासच्या एकात एक सरकणाऱ्या दहा मीटरच्या काठ्या युरोपात सर्वत्र मिळतात. एफआरपीच्या शिड्या, पाइप आणि टाक्या बनवणारे कारखाने महाराष्ट्रात आहेतच. त्यांच्या साच्यात फार बदल न करता ही काठी निघावी. सोबत गच्चीच्या कठड्याला भिंत न फोडता आवळता येणारा क्लॅम्प हवा. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी ही मात्र कोणत्याही कारखान्यात बनत नाही.

ज्यांना गच्चीच मिळत नाही, त्यांच्यासाठी उरते ती बाल्कनीत बसणारी चुंबकीय लूप. तांब्याच्या पाइपचे एक मीटर व्यासाचे कडे आणि त्याच्या टोकांमध्ये बदलता कपॅसिटर, एवढीच रचना. दिसायला सोपी, पण आकडे डोळे उघडणारे आहेत. ७ मेगाहर्ट्झवर अशा कड्याचा उत्सर्जन-रोध केवळ सहा मिलिओहमच्या आसपास असतो. २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपचा स्वतःचा रोध या फ्रिक्वेन्सीला तीस मिलिओहमच्या वर जातो, म्हणजे दिलेल्या शक्तीचा सहावा हिस्साही हवेत जात नाही. एखादा ढिला स्क्रू आणखी वीस मिलिओहम खातो. शिवाय केवळ १० वॅटला कपॅसिटरवर दोन-अडीच हजार व्होल्टचा दाब येतो. जुन्या रेडिओतला गँग कपॅसिटर इथे लगेच ठिणग्या टाकतो. लागतो तो बटरफ्लाय प्रकारचा, जाड पत्र्याचा, पाकळ्यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असलेला आणि विद्युतप्रवाह सरकत्या जोडातून न जाणारा. लेझरने पत्रा कापणाऱ्यांना हे काम एका दुपारचे आहे. त्याला मंद फिरणारी गिअर मोटर आणि लांबून चालवायची कळ जोडली, की लूप आतल्या खोलीत बसून जुळवता येते. प्रसारण चालू असताना कड्याजवळ उभे राहणे तसेही योग्य नाही. ही एक वस्तू अशी आहे, की चांगली बनली तर मुंबईच्या फ्लॅटमधले कित्येक पडून राहिलेले परवाने पुन्हा हवेत येतील.

केबलकडे नवशिक्याचे लक्ष सर्वांत कमी असते. आरजी-५८ ही बारीक काळी केबल १४५ मेगाहर्ट्झवर शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत तीस मीटर धरले तर सहा डेसिबल गेले, म्हणजे हँडीच्या पाच वॅटमधला सव्वा वॅट अँटेनाला पोचतो. ४३५ वर तर अर्धा वॅटही पोचत नाही. जाड आरजी-२१३ हे उत्तर आहे, पण महाग. त्याच वेळी टीव्हीची आरजी-६ केबल गल्लोगल्ली मिळते, देशात बनते, आणि तिची गळती आरजी-५८ च्या निम्म्याच्या आसपास असते. तिचा रोध ७५ ओहम असला तरी ५० ओहमच्या संचाला त्याने फारसे बिघडत नाही. मेळाचा आकडा, म्हणजे एसडब्ल्यूआर, दीडच्या घरात राहतो. घोडे अडते ते जोडावर. तिची जाळी ॲल्युमिनियमची, डाख धरत नाही, आणि टीव्हीचा एफ-जोड हौशी संचाला बसत नाही. तेव्हा आरजी-६ च्या मापाचा, दाबून बसवायचा, पितळी, संचाच्या तोंडाला थेट लागणारा जोड बनवा, अशी ही क्षुल्लक दिसणारी विनंती. पन्नास रुपयांच्या एका नगाने हजारोंची केबल वाचते.

मोजमापाची साधने पूर्वी दुर्मिळ होती. आता तो प्रश्न बराचसा मिटला. एका जपानी हौशी तंत्रज्ञाने आखलेला नॅनोव्हीएनए २०१९ पासून चीनमधून पन्नास डॉलरच्या आसपास मिळू लागला आणि अँटेना जुळवणे अंदाजाचा खेळ राहिला नाही. संगणकाला लावायचा आरटीएल-एसडीआर हा रिसीव्हरही तसाच. मूळचा टीव्ही पाहण्याचा डोंगल, २०१२ मध्ये त्यातून कच्चा सिग्नल काढता येतो हे उमगले. इथे नवे काही बनवण्याची घाई नाही. १०० वॅट सोसणारा, खात्रीचा ५० ओहमचा डमी लोड आणि वॅट खरे दाखवणारा साधा काट्याचा मीटर मिळाला तरी पुष्कळ.

घरातला रेडिओ-गोंगाट हा सध्याचा खरा शत्रू. स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर, राउटरचे ॲडॉप्टर, छतावरच्या सौर पॅनेलचे ऑप्टिमायझर, प्रत्येक जण आपापली खरखर वायरीतून सोडतो. केबलवर चिमटीसारखे बसणारे फेराइटचे क्लिप हा त्यावरचा सोपा इलाज. बाजारात मिळणारे क्लिप मात्र बहुधा शंभर मेगाहर्ट्झच्या वर काम करणारे असतात. ७ किंवा १४ वर त्यांचा उपयोग शोभेपुरता. २ ते ३० मेगाहर्ट्झसाठी बनवलेले, पॅकेटवर तसे छापलेले, दहाच्या गठ्ठ्यात मिळणारे क्लिप ही मागणी हौशी मंडळींपुरती नाही. रुग्णालयातल्या आणि स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनाही ते हवेच असतात.

डिजिटल पद्धतींनी कमी शक्तीच्या केंद्रांचे नशीब पालटले. नोबेल-विजेते खगोलभौतिकज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी-८ ही पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत जेमतेम ५० हर्ट्झ रुंदीत संदेश पाठवते. कानाला काहीच ऐकू येत नसते तेव्हाही संगणक तो संदेश उलगडतो. पाच वॅट आणि गच्चीवरची तार घेऊन दक्षिण अमेरिकेपर्यंत जाता येते. अट एक, की दोन्हीकडची घड्याळे सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. इंटरनेट असताना हे सोपे. पुरात किंवा डोंगरात नसते. तिथे उपग्रहावरून वेळ घेणारे, संचाच्या यूएसबीला लागणारे छोटे घड्याळ हवे. भारताची ‘नाविक’ ही उपग्रह-प्रणाली त्यासाठी आहे, आणि मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती एल-१ फ्रिक्वेन्सीवरही सिग्नल देते. याच घड्याळातून काटेकोर १० किंवा २५ मेगाहर्ट्झचा संदर्भ-सिग्नल बाहेर काढला, तर त्याचा उपयोग उपग्रहाच्या कामात होतो.

तो असा. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी गेलेल्या कतारच्या एस-हैल-२ या उपग्रहावर क्यूओ-१०० हा हौशी ट्रान्सपाँडर आहे. भूस्थिर कक्षेतला हा पहिलाच. २५.९ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर असल्याने पुण्याहून पाहिले तर पश्चिम-नैर्ऋत्येला, क्षितिजाच्या साधारण ३२ अंश वर, कायम दिसतो. त्याचा सिग्नल १०,४८९.५ मेगाहर्ट्झच्या वर येतो. तबकडीच्या तोंडाशी असलेली युनिव्हर्सल एलएनबी त्यातून ९,७५० वजा करते आणि ७३९.५ मेगाहर्ट्झ उरतात. ते स्वस्त आरटीएल-एसडीआरला सहज ऐकता येतात. म्हणजे डीटीएचची अडगळीत पडलेली साठ सेंटिमीटरची तबकडी पुरते. अडचण स्थैर्याची. एलएनबीतला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आत ३९० ने गुणला जातो, त्यामुळे तो एक हर्ट्झ सरकला की आवाज ३९० हर्ट्झने सरकतो. सकाळी बरोबर लावलेला सिग्नल दुपारच्या उन्हात चिपमंकसारखा ऐकू येतो. बाहेरून २५ मेगाहर्ट्झ घेणारी एलएनबी आणि तो देणारे नाविकचे घड्याळ, ही जोडी सहा-सात हजारांत मिळाली, तर कॉलेजातल्या मुलांना आफ्रिका आणि युरोप दिवसभर ऐकता येईल.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहांसाठी हातात धरायची, घडी होणारी यागी अँटेना हवी : १४५ ला तीन आणि ४३५ ला पाच-सहा दांड्यांची. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ बरोबर हॅमसॅट सोडला होता आणि २०१४ पर्यंत तो जगभरच्या हॅमनी वापरला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी गेला, त्याच वर्षी आयआयटी मुंबईचा ‘प्रथम्’. दोघांचेही सिग्नल हौशी पट्ट्यांतच होते. अशा यागीसाठी मुले आज सुताराची स्टीलची मोजपट्टी कापून पीव्हीसीच्या पाइपला बांधतात. ती चांगली चालतेही, म्हणून इथे फार महाग काही करू नये; पितळी जोड, ॲल्युमिनियमच्या फिरवून बसवायच्या दांड्या आणि पाठीला लावायची पिशवी, दोन हजारांच्या आत.

लोरा मॉड्यूलवर चालणाऱ्या स्थानदर्शक यंत्रांबद्दल एकच सूचना. युरोपात त्यांची ठरलेली फ्रिक्वेन्सी ४३३.७७५ मेगाहर्ट्झ आहे आणि आयात माल त्यावरच लावून येतो. भारतीय हौशी पट्टा ४३४ पासून सुरू होतो. भारतीय यंत्र भारतीय पट्ट्यातच लावलेले विकावे.

मोर्सची कळ हा यादीतला सर्वांत जुना नग. जनरल श्रेणीच्या परीक्षेत मिनिटाला आठ शब्दांची मोर्स चाचणी राहिली आहे, आणि सराव करणाऱ्याच्या हाती बहुधा मोबाइलची काच असते. काचेवर मनगट तयार होत नाही. वजनदार पाया, पितळी भुजा, अंतर आणि ताण जुळवण्याचे दोन स्क्रू आणि पोटात छोटा बझर, अशी कळ कोणत्याही लेथवर सहा-सातशेत बनावी.

काय बनवू नये, हेही सांगायला हवे. शंभर वॅटच्या संचाला पाचशे-हजार वॅट करून देणारे स्वस्त ॲम्प्लिफायर नकोत. परवान्याची मर्यादा ओलांडतात आणि गोंगाट वाढवतात. एकाच डब्यात रेडिओ, बॅटरी, सौर चार्जर आणि टॉर्च कोंबलेली ‘आपत्ती पेटी’ नको. त्यातले एक बिघडले की सगळे कपाटात जाते. आणि खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिण्याऐवजी तीन आकडे छापावेत : सतत सोसणारी शक्ती, ती कोणत्या तापमानाला आणि किती मिनिटे, आणि मोजलेला हार्मोनिक किंवा गोंगाटाचा स्तर. आत सर्किटचा नकाशा घालावा, मराठीत. जो माल उघडून दुरुस्त करता येतो, त्याची शिफारस हॅम स्वतःहून करतो. एका गावातल्या दहा जणांनी एक वीजपुरवठा चांगला म्हटला, की तो पुढच्या महिन्यात बँडवर, रात्रीच्या नेटमध्ये, म्हणजे हवेतल्या ठरलेल्या बैठकीत, कारवारपासून नागपूरपर्यंत माहीत होतो.

संख्या कमी असल्याची शंका रास्त आहे. परवानाधारक देशभरात मोजकेच. पण वरच्या यादीतल्या बहुतेक वस्तूंचे दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. शांत वीजपुरवठा ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना आणि प्रयोगशाळांना लागतो, लिथियम पॅक मासेमारीच्या होड्यांना आणि गडांवर मुक्काम करणाऱ्यांना, फायबरग्लासची काठी ड्रोनच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला, आरजी-६ चा जोड केबलवाल्यांना. सुरुवात वीजपुरवठा, ट्रान्सफॉर्मरचा डबा आणि फेराइटचे क्लिप या तिघांपासून करावी. त्यांना प्रसारण यंत्राची मंजुरी लागत नाही, साचे कमी लागतात आणि पन्नास नगांची पहिली खेप पावसाळ्याआधी हौशी क्लबांकडे चाचणीला देता येते. चाचणीचे आकडे क्लब मोजून लेखी कळवतील, वाईट आले तरी.

कळावे,
एक परवानाधारक हॅम